अकरा फूट परडं

फोन आला तेव्हा दीपक वायाळ चिखलीच्या बसस्टँडसमोर जेवायला बसला होता. पहिला घास तोंडातच राहिला.

"तुम्हीच ना ते ड्रोनवाले साहेब? तुमच्या फोटोनं माह्या आत्याचं परडं गेलं."

आवाज तरुण बाईचा होता. रडका नव्हता, तापलेला होता.

"कोण बोलतंय? गाव कोणतं?"

"सावरखोरा, उंद्रीच्या पुढं. मी अपेक्षा. अंगणवाडीत शिकवते. आज पाच वाजेपर्यंत हरकत घेता येते, मंग नकाशा पक्का. तुम्ही येता, का तुमचा फोटो खोटा हाय म्हनून लिहून देऊ?"

"फोटो खोटा नसतो, ताई."

"मंग माही आत्या खोटी काय?"

दीपकनं ताट सरकवलं आणि मोटारसायकल काढली.

तो मूळचा देऊळगाव राजाचा. चौदा वर्षं त्यानं नौदलाचं टेहळणी विमान उडवलं होतं. समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालायच्या, खाली काय दिसतं ते टिपायचं आणि कळवायचं. बस. एकदा एक मचवा उलटलेला दिसला. त्यानं जागा कळवली, घिरट्या घातल्या आणि इंधन सरत आलं तसा परत फिरला. खाली माणसं वर बघून हात हलवत होती. विमानाला डोळे असतात, हात नसतात. पुढं एका कानानं दगा दिला, डॉक्टरांनी त्याला जमिनीवर बसवलं, आणि आता तो एका ठेकेदाराकडे गावठाण मोजणीचा ड्रोन उडवत होता.

या मोजणीची रीत सोपी. आदल्या संध्याकाळी ज्यानं त्यानं आपल्या हद्दीवर पाच पंचांसमोर चुन्याची रेघ मारायची. सकाळी ड्रोन फोटो काढणार. फोटोत रेघ जिथं, नकाशात हद्द तिथं.

अपेक्षाच्या आत्याची, झुंबरबाईची हद्द फोटोत अकरा फूट आत आली होती.

दोन वाजता तो सावरखोऱ्यात पोचला. चैताचं ऊन नुसतं ओतत होतं. अपेक्षा वेशीपाशीच उभी होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, ओढणी गळ्याशी घट्ट लपेटलेली. वारा आला तशी ती सरकली आणि मानेवरचा कोडाचा पांढरा डाग दिसला. तिनं तो चटकन झाकला.

घरामागं परडं होतं. मेथी, पालक, कोथिंबिरीचे वाफे, आणि पलीकडच्या कडेला दगडानं बांधलेला आड. त्या आडाच्या पाण्यावर वाफे, वाफ्यांवर उंद्रीचा बाजार, आणि बाजारावर झुंबरबाईचं पोट. सत्तरीची म्हातारी लिंबाखाली बसून चाचपडत गवत उपटत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"हे पाहा," अपेक्षानं मोबाइल पुढं केला. "आदल्या संध्याकाळचा फोटो. रेघ लिंबापासून गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत. आड आमच्या आत. आता तुमचा पाहा."

दीपकनं आपल्या टॅबवरचा फोटो उघडला. रेघ आडाच्या अलीकडे होती. आड शेजारच्या अर्जुनरावाकडे गेला होता.

"त्यानं रेघ सरकवली. सारं गाव म्हंते."

"त्यानंतर पाऊस झाला?"

"ह्या दिवसात? थेंब नाई."

"इथं कोणी झाडलं, खणलं?"

"भांडनाची जागा, साहेब. वीस दिवसांत त्या कडेले कोनं पाय ठेवला नाई."

दीपक उकिडवा बसला. अर्जुनरावाची रेघ वीस दिवसांनीही मातीला पांढरी चिकटून होती. लिंबापासून गोठ्यापर्यंत मात्र नखभर पांढरं नव्हतं. त्यानं बोटानं माती उकरली. वर काळी, खाली काळी. मुंग्यांची वारुळं तेवढी जागोजाग.

"आजी, तुमची रेघ कोणी मारली?"

"माह्या भावानं. उकंडानं." म्हातारीनं मान वर केली नाही. "त्याच्या आधीचे दोन गेले, म्हनून जलमल्या दिवशी त्याले उकिरड्यावर ठेवलं. म्याच उचलून आनलं. आठ वर्साची होती मी. तवापासून माह्याच हातचा."

"रेघ मारताना तुम्ही जवळ होता?"

"हाव. डबा म्याच धरला होता."

"आणि सकाळी?"

"दिवस उगवाच्या आधी भाजी घेऊन बाजारात."

"मग हरकतीवर अंगठा का नाही दिला अजून?"

"देईन. घाई काय?"

"तीन दिवसांपासून हेच म्हंते!" अपेक्षा चिडून म्हणाली. "मालकीन ही हाय. हिचा अंगठा नसला तं माह्या अर्जाले कोन विचारते?"

दीपक शेजारी गेला. अर्जुनराव ओसरीत बाजेवर पडून पानाला कात लावत होता. नवा कोरा ट्रॅक्टर बाहेर रस्त्यावर उन्हात उभा होता.

"ट्रॅक्टर रस्त्यावरच?"

"बोळ अरुंद हाय ना, सायेब. तो अंगनात येईल कसा?"

"झुंबरबाईंची रेघ तुम्ही पुसली?"

अर्जुनराव खो खो हसला. "पुसून पाहा तुम्ही! काळ्या मातीतून चुना निंघते काय? खराटा मारला तं दुप्पट पसरते. तिची रेघ असती तं तुमच्या फोटोत दिसली असती. का चुना उडून गेला, चिमनीसारखा?"

"तुमची रेघ पंचांनी पाहिली होती?"

"पंचायले काय, तेवढंच काम हाय?" त्यानं विषय झटकला. "ऐका, रविवारी साक्षगंध हाय. माहा सख्खा भाचा प्रज्वल, आन्‌ उकंडरावची अपेक्षा. चार ठिकानी त्या पोरीले नाई म्हनले, कोडाच्या पायी. म्या शब्द टाकला म्हनून जमलं. सोयऱ्याची जागा मी खाईन काय?"

दीपक उकंडरावला शोधायला निघाला.

उकंडराव मारोतीच्या पारावर सापडला. वाळून काडी झालेला माणूस. दीपकला पाहून उठला, पुन्हा बसला.

"चुना कुठला होता?"

"ग्रामपंचायतीचा. गोनी आली होती ना."

"बाकीच्यांनी घमेल्यानं नेला. तुम्ही डब्यात?"

"सरला होता. घरी होता थोडासाक."

"कशानं टाकला?"

"हातानं."

"मुठीनं? घामेजल्या हातानं? मग पोळला असेल. प्रत्येक गावात दोघं-तिघं हात पोळून घेतात."

"नाई बा. मले काईच नाई झालं." उकंडरावनं तळहात दाखवला आणि लगेच मिटला.

दीपक लिंबाच्या सावलीत येऊन बसला. चार वाजून गेले होते. त्यानं फोटो मोठा केला, अजून मोठा केला. तांबडे, पांढरे, काळे ठिपके दिसू लागले. कोंबड्या. उड्डाणाच्या दिवशी त्या त्याला दिसल्या होत्या आणि त्यानं सोडून दिल्या होत्या. गावात कोंबड्या असायच्याच.

आता त्यानं त्या मोजल्या. सतरा. लिंबापासून गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत, सगळ्यांच्या माना खाली.

टेहळणी शिकवणारे पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगतात. निसर्गाला सरळ रेघ मारता येत नाही. वरून काही सरळ दिसलं, तर तिथं माणसाचा हात आहे.

दीपकनं टॅब खाली ठेवला. कोडं सुटलं होतं, आणि न सुटतं तर बरं होतं.

साडेचारला परड्यात म्हातारीजवळ चौघं जमले. अपेक्षाच्या हातात हरकतीचा अर्ज आणि शाईची डबी होती. अर्जुनराव कुडाला टेकून उभा राहिला, उकंडराव खाली बसला.

"रेघ कोणी सरकवली नाही," दीपक म्हणाला. "कोणी पुसलीही नाही. चुना असता तर डाग राहिला असता. अर्जुनराव खरं बोलले, काळ्या मातीतून चुना निघत नाही. म्हणजे इथं चुना पडलाच नव्हता."

"मंग पंचायनं काय पाह्यलं?" अपेक्षानं विचारलं. "माह्या फोटोत काय हाय?"

दीपकनं टॅब तिच्यापुढं धरला. "ह्या सतरा कोंबड्या पाहा. कोंबड्या कधी रांग लावतात?"

तिनं पाहिलं. तिचं बोट लिंबापासून गोठ्यापर्यंत सरकत गेलं.

"पीठ," दीपक म्हणाला. "ज्वारीचं. संध्याकाळच्या उजेडात पंचांना पांढरी रेघ दिसली, त्यांनी सह्या केल्या. उजाडताच कोंबड्या तुटून पडल्या. उरलंसुरलं मुंग्यांनी वारुळात नेलं. नऊ वाजता माझा ड्रोन वर आला तेव्हा शेवटचे कण टिपणं चाललं होतं. तोवर आजी बाजारात गेल्या होत्या, आणि इकडं अर्जुनरावांनी अकरा फूट आत खऱ्या चुन्याची रेघ मारली होती. अकरा फुटांतून ट्रॅक्टर जातो. पण पीठ अर्जुनरावांनी टाकलं नाही. ज्याचा हात चुन्यानं पोळला नाही, त्यानं टाकलं."

"बाबा?" अपेक्षा म्हणाली.

उकंडराव बोटानं माती उकरू लागला.

"बाबा, बोला ना! आत्याच्या पोटावर पाय? काऊन?"

"तुह्यापायी, बाई." त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. "चार स्थळं परत गेली. ह्यानं म्हनलं, रस्ता दे, भाच्याले मी हो म्हनवतो. माही जागा असती तं माही देली असती. माह्यापाशी काय हाय?"

"आन्‌ प्रज्वलले हे माहीत हाय?"

"त्याले काईच नाई माहीत. तो पोरगा चांगला हाय, बाई."

"अर्जुनराव," दीपक वळला, "तुम्ही हे नाकारता?"

"मी कायले नाकारू? सांगा ना हापिसात." अर्जुनरावनं पिंक टाकली. "साक्षीले कोंबड्या न्या. सतराच्या सतरा. त्यातल्या सहा तं आम्ही कापून खाल्ल्या." तो कुडाला वळसा घालून निघून गेला. त्याला घाई नव्हती.

अपेक्षानं अर्ज मांडीवर पसरला. "आत्या, आंगठा दे. पावनेपाच झाले. दे लवकर."

"साहेब," म्हातारीनं दीपककडं तोंड केलं, "आंगठा देला तं काय होते?"

"पुन्हा मोजणी होईल. पंचांना बोलावतील. रेघ कोणी मारली ते विचारतील."

"आन्‌ उकंडावर?"

खोटं बोलावं असं दीपकला फार वाटलं. "गुन्हा दाखल होऊ शकतो."

"हं." म्हातारीनं हातातलं गवत बाजूला ठेवलं. "मले माईत होतं."

"काय माईत होतं?" अपेक्षानं विचारलं.

"डबा मी धरला होता ना. पन्नास वर्सं जातं ओढलं म्या. डोळे गेले, नाक गेलं काय? झाकन उघडल्याबराबर वास आला. म्हनलं, हा चुना नाई. ह्याचा हात थरथरत होता, डबा माह्या हातात हालत होता. म्हनलं, उकंडा रडून राह्यला. काऊन रडते ते समजाले वेळ लागला. समजलं, तं मंग डबा धरून राह्यली."

उकंडरावनं तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला.

"मले हे लगन नको!" अपेक्षा ओरडली. "मी रविवारी बसतच नाई पाटावर. ऐकलं? आता तं दे आंगठा!"

"तू हो म्हन का नाई म्हन. आंगठा माहा हाय."

"आड गेल्यावर खाशील काय?"

"खाईन काईतरी."

"साहेब, तुम्ही सांगा हिले! तुम्ही पाह्यलं ना सारं? तुम्ही लिहा!"

दीपकनं तिच्यादेखतच मोजणीच्या साहेबाला फोन लावला. पीठ सांगितलं, कोंबड्या सांगितल्या. मग साहेब थकल्या आवाजात म्हणाला, "वायाळ, मी मानतो हो. पण मालकाची हरकत आहे का? अंगठा आहे? मग फोटोत आहे तेच मला धरावं लागेल."

पाचला दहा कमी होते. अर्ज घेणारी ग्रामपंचायत चार घरं टाकून होती. धावत गेलं तर दोन मिनिटं.

अपेक्षा म्हातारीपुढं गुडघ्यावर बसली आणि तिनं तिचा उजवा हात ओढून घेतला. झुंबरबाईनं मूठ आवळली, अंगठा आत. अपेक्षानं शाईची डबी तोंडानं उघडली आणि दोन्ही हातांनी ती मूठ सोडवू लागली, एकेक बोट. करंगळी सुटली, ती धरली तोवर दुसरं बोट मिटलं. शाई दोघींच्या मनगटांवर सांडली, अर्जावर सांडली. पोरगी रडत होती, शिव्या देत होती, 'आत्या, आत्या' म्हणत होती. म्हातारीनं अंगठा आणखी आत दाबला.

दीपक पुढं झाला आणि थांबला. त्या मुठीला हात लावायचा त्याला काय हक्क होता?

पाच वाजले आणि ग्रामपंचायतीचं शटर खडखडत खाली आलं. तरी ती मूठ उघडली नव्हती.