बिब्ब्याची खूण

तार दोनच ओळींची होती. 'मामा, ताबडतोब या. माझ्यावर चोरीचा आळ आहे. खुशाल.'

भगवंतराव फौजदारांनी ती दोनदा वाचली आणि डोक्याला पटका गुंडाळला. पेन्शनीत येऊन चार वर्षं झाली होती. अकोटात आता त्यांच्याकडे फक्त हरवलेल्या म्हशींची प्रकरणं येत. पण सख्खा भाचा चोर ठरला म्हटल्यावर माणूस घरात कसा बसणार? अंजनगावमार्गे जाणारी मोटारलॉरी त्यांनी धावतपळत पकडली आणि शनिवारी दुपारी ते अमरावतीत उतरले.

खुशालराव कॅम्पातल्या क्लबाच्या पायरीवर बसला होता. पस्तिशीचा धिप्पाड गडी, दीडशे एकर काळ्या रानाचा मालक. पण दोन दिवसांची दाढी तशीच होती आणि मामांना पाहून तो उठलादेखील नाही.

"काय चोरलं तू?" भगवंतरावांनी विचारलं.

"एक फटका," खुशालराव म्हणाला.

फौजदारांच्या तीस वर्षांच्या नोकरीत असा गुन्हा आला नव्हता. ते शेजारी बसले. "मले समजंल असं सांग."

खुशालरावानं सांगितलं. खेळाचं नाव गोल्फ. काठीनं चेंडू मारत एकेका खड्ड्यात घालायचा, आणि ज्याला कमी फटके लागतील तो जिंकला. कलकत्त्याला नाताळात साऱ्या हिंदुस्थानातल्या हौशी खेळाडूंची मोठी स्पर्धा भरते. पोटासाठी खेळणाऱ्यांना तिथे मज्जाव. वऱ्हाडातून एकालाच जायचं होतं. काल, शुक्रवारी, निवडीची शेवटची फेरी झाली आणि खुशालराव दोन फटक्यांनी जिंकला.

"मंग?"

"मंग संध्याकाळी सातव्या खड्ड्याजवळच्या नाल्यात मायी खूण असलेला चेंडू सापडला. ते म्हंतात, मायाकडून चेंडू नाल्यात गेला, अन् मी खिशातला दुसरा गुपचूप पुढं टाकला. चेंडू हरवला तं दंडाचा फटका धरा लागते. तो मी चोरला म्हणे."

"अन् खरं काय?"

"खरं म्हंजे मी तेथं दुसरा चेंडू खिशातून काढलाच नाही. तीन खुणेचे चेंडू होते. एक खेळलो, दोन पिशवीत आहेत. हा चौथा कोठून आला, मले काय माहीत? सोमवारच्या टपालानं कलकत्त्याले रिपोर्ट जाऊन राहिला, मामा. एकदा तेथं नाव गेलं का मायं नाव जन्मभर चोरच."

"खूण कशी करतं तू?"

"बिब्ब्याची. परीट धोतरावर करते तशी. आईनं शिकवली. आधी बोटाले तेल चोपडाचं, सुईनं बिब्बा टोचाचा, थेंब चेंडूवर टेकवाचा, अन् वरून चुना लावाचा."

आईनं शिकवली म्हणजे मामांच्याच बहिणीनं. भगवंतराव उठले आणि पटका नीट केला.

सातवा खड्डा त्यांनी स्वतः पाहिला. विलायतेत म्हणे खड्ड्याभोवती मखमलीसारखी हिरवळ असते. इथल्या उन्हात हिरवळ कुठली टिकायला? म्हणून तेल पाजलेल्या रेतीचं गोल अंगण केलेलं. अलीकडे बाभळी, बाभळींच्या आड नाला आणि त्यावर लाकडी फळी. मारणाऱ्याला चेंडू कुठे पडला ते दिसत नाही. नाल्यात पाणी वीतभर आणि काठाला काळा चिखल. फौजदारांनी काठी टेकवली, ती हातभर आत गेली.

मैदानाचा माळी उद्धव रेती झाडत होता.

"चेंडू तुले सापडला?"

"हो जी. रोज दिवस बुडाच्या आधी मी नाल्यात उतरतो. साहेबलोकांचे चेंडू काढून देतो."

"हे क्लबात कोणा-कोणाले माहीत आहे?"

"सर्वाईले."

"चेंडू कसा काढला? हात घालून?"

"नाही जी. वरतंच होता, चिखलावर. नुसता उचलला."

"अन् बाकीचे चेंडू?"

"ते कोपरापर्यंत हात घालून चाचपा लागतात."

उद्धवच्या हाताकडे फौजदारांनी पाहिलं. घट्टे होते, बाकी हात साफ होते.

"सातव्या खड्ड्याले काल कोण कोण होते?"

"खुशालभाऊ अन् सेक्रेटरी बापूसाहेब. बापूसाहेबांचे जावई दुसऱ्या नंबराचे, तेही होते. अन् रविकांत वकील, खुशालभाऊचे फटके लिवाले. वकीलसाहेब फळीवरून आधी पलीकडे गेले, बापूसाहेब सर्वाईच्या मागून."

बापूसाहेब हे साठीचे गृहस्थ. जिथे नियमाचं पुस्तक असेल तिथे ते असत. कचेरीत त्यांनी पुस्तक उघडूनच फौजदारांना खुर्ची दिली.

"खुशालरावांबद्दल मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम."

"खुशाल बाद झाल्यावर कलकत्त्याले कोण जाणार?"

बापूसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "क्रमानं दुसरा. माझे जावई. तुम्हाला काय म्हणायचंय ते कळतंय मला."

"मी अजून काही म्हटलंच नाही. ते चेंडू दाखवा जरा."

दोन्ही चेंडू टेबलावर आले, खुशालराव खेळला तो आणि नाल्यातला. एकाच छापाचे. सगळा क्लब मुंबईच्या एकाच दुकानातून चेंडू मागवी. फौजदारांनी ते उजेडात धरले. पहिल्यावरचा ठिपका काळाभोर, रेखीव, कडेला चुन्याची बारीक पांढरी रेघ. दुसऱ्यावरचा तपकिरी आणि पसरलेला, चुन्याचा पत्ता नाही. बापूसाहेब चेंडू पुढे करत होते तेव्हा फौजदारांचं लक्ष त्यांच्या बोटांकडेही होतं. बोटं गोरीपान होती, त्यांवर डाग नव्हता.

रात्री उतरायची सोय रविकांत वकिलांकडे होती. खुशालरावाचं अमरावतीतलं घर म्हणजे तेच. गोल्फची काठी त्याच्या हातात पहिल्यांदा दिली ती रविकांतनं. दोघं एका ताटात जेवलेले. कालही क्लबाच्या कमिटीपुढे खुशालरावाची बाजू त्यानंच मांडली होती आणि बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मामा, खुशाल खोटं खेळणार नाही," दारातच तो म्हणाला. "मी त्याला ओळखतो. पण पुरावा समोर पडलाय, करणार काय? मी म्हणतो, शांतपणे माघार घे. बोभाटा तरी होणार नाही."

त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना पट्टी होती. मान लाल झाली होती आणि तो ती सारखी खाजवत होता.

"हाताले काय झालं?"

"बुधवारी स्टोव्हवर चहा करायला गेलो. भाजलं."

त्याची बायको चारुशीला ताटं वाढत होती. तिनं नवऱ्याच्या ताटात चमचा ठेवला. "मी अकोल्याला माहेरी गेले होते तेवढ्यात हा पराक्रम," ती हसत म्हणाली. "लग्नाला दहा वर्षं झाली, स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं मी पाहिलं नाही. आणि स्टोव्हही कसला? रॉकेल संपलं होतं, म्हणून मी तो कोरडा करून ठेवून गेले होते. आले तेव्हा तस्साच कोरडा."

"बाटलीतलं घातलं मी," रविकांत म्हणाला.

खुशालरावाचं लक्षच नव्हतं. तो भाकरी कुस्करत बसला होता. भगवंतरावांनी मात्र वरण पुन्हा मागून घेतलं आणि बिब्ब्याचं, स्टोव्हचं काहीच काढलं नाही.

रविवारी सकाळी आठला क्लबाच्या व्हरांड्यात पाच जण जमले. बापूसाहेब, उद्धव, रविकांत, खुशालराव आणि भगवंतराव. टेबलावर दोन चेंडू होते.

"मले हा खेळ येत नाही," फौजदारांनी सुरुवात केली. "पण काळी माती मले कळते. बाभळीवरून आलेला चेंडू ओल्या काळ्या मातीत पडला तं आत रुतते. उद्धव, बरोबर?"

"हो जी."

"हा वरतंच होता. म्हंजे मारलेला नाही, कोणी हातानं ठेवलेला आहे. उद्धव रोज नाल्यात उतरते हे त्याले माहीत होतं."

बापूसाहेब पुढे वाकले. रविकांत म्हणाला, "वा, मामा. हे आम्हाला सुचलंच नाही."

"आता ठेवला कोनं? फायदा झाला बापूसाहेबांच्या जावयाचा."

"हे पाहा फौजदार..." बापूसाहेब उठलेच.

"बसा. तुमचा संशय मले कालच आला अन् कालच गेला. हे ठिपके पाहा. खुशालच्या ठिपक्याले चुना आहे, याले नाही. रोज बिब्बा हाताळणारा माणूस चुना विसरत नाही. उद्धव, बिब्बा टोचाच्या आधी काय करा लागते?"

"हाताले तेल लावा लागते जी. नाही तं उतते. फोड येतात, एक-दोन दिवसांनी. अन् तोच हात जेथं लागंल तेथं उतते."

"ज्यानं हा ठिपका केला, त्यानं धोतरावरची परटाची खूण रोज पाह्यली, पण ती करताना कोणाले पाह्यलं नाही. चुना विसरणारा तेलही विसरला. बापूसाहेबांचा हात साफ आहे. त्याईचे जावई काल पान खाताना भेटले, त्याईचाही साफ. उद्धवचा साफ."

 खुशालराव हळूहळू रविकांतकडे वळला.

"काहीतरीच," रविकांत म्हणाला. "माझा हात भाजलाय. सांगितलं ना मी, स्टोव्हनं."

"स्टोव्हनं हात भाजते, वकीलसाहेब. मानेवर कसा चढला? भाजलेल्या जागेची आग होते, मान अशी खाजत नाही. स्टोव्ह कोरडा होता तो निराळाच. पट्टी सोडा."

रविकांतनं पट्टी सोडली नाही. त्याची गरजही उरली नव्हती.

"बुधवारी बायको घरी नव्हती. तवा तुमी बिब्बा टोचला. शुक्रवारी फळीवरून सर्वाईच्या आधी पलीकडे गेले, अन् जाता जाता चेंडू चिखलावर ठेवला. पण एक गोष्ट मले समजली नाही. कलकत्त्याले जाणार बापूसाहेबांचे जावई. तुमाले काय भेटलं?"

"काही नाही," रविकांत म्हणाला. तो खाली पाहत होता. "मला काही मिळवायचं नव्हतंच. सात वर्षं मी त्या एका जागेसाठी खेळलो, मामा. कोर्ट सुटलं की उन्हातान्हात इथे. यालाही मीच आणला. काठी कशी धरायची तेसुद्धा याला माहीत नव्हतं. दोन वर्षांत हा माझ्या पुढे गेला. यंदा मी पहिल्याच फेरीत गळलो, आणि कमिटीनं मला काय सांगितलं? खुशालचे फटके लिहा. लोक म्हणायला लागले, खुशालरावांचा मित्र तो रविकांत वकील. दुसरा कोणीही गेला असता तर चाललं असतं मला. हा नको होता."

बापूसाहेबांनी लिहिलेला रिपोर्ट फाडला आणि नवा कागद ओढला. "खुशालराव, मी तुमची माफी मागतो," ते म्हणाले. खुशालरावानं ते ऐकलंही नसावं.

तो रविकांतसमोर जाऊन उभा राहिला. आता हा याला मारणार, असं उद्धवला वाटलं आणि तो मध्ये पडायला सरसावला. खुशालरावानं फक्त विचारलं, "कमिटीसमोर तू मायासाठी रडला. तेही खोटं होतं काय?"

रविकांतनं पहिल्यांदा वर पाहिलं. "नाही रे. ते खरं होतं."

खुशालरावाला हे सगळ्यात जड गेलं. खोटं म्हणाला असता तर एक शिवी हासडून मोकळं होता आलं असतं. तो पायऱ्या उतरला.

चारुशीलाबाईंना कोणी सांगायचं, हा प्रश्न होता. भगवंतरावांनी तेही केलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि खुशालरावाचं सामान बांधून देताना दशम्यांचा डबा वर ठेवला. 

आठवड्यानं मामा त्याला बडनेऱ्याला कलकत्ता मेलवर बसवायला आले. डब्यात दोन जागा राखून ठेवल्या होत्या. एक खुशालरावाची, दुसरी रविकांतच्या नावानं. निवड होईलच या भरवशावर खुशालरावानं त्या महिन्यापूर्वीच घेतल्या होत्या. फौजदारांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"आता बिनघोर खेळ," ते म्हणाले. "नाव साफ झालं तुयं. आणखी काय पाह्यजे?"

खिडकीशी बसलेल्या खुशालरावानं समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"मामा, राग नका मानू," तो म्हणाला. "पण तुमी आलेच नसते तं बरं झालं असतं. चोर म्हणून जगलो असतो मी. दोस्त तं राह्यला असता."

गाडी हलली.  फौजदारांनी खिडकीतून हात घालून भाच्याचा खांदा दाबला, आणि फलाट संपेपर्यंत ते गाडीबरोबर चालत राहिले.