एका बांदीचे सात फॉर्म

आसगावात ज्यांनी दीपमालाला सकाळी दहाची वेळ दिली होती, ते काका नऊलाच कुणाच्या तरी लग्नाला निघून गेले होते. आता पवनीहून थंडीत स्कुटीवर कुडकुडत आलेल्या पोरीनं काय करावं? तिनं तिथंच बांधावर टॅबलेट उघडला आणि शेजारच्या शेतात धानाच्या पऱ्ह्यांना, म्हणजे कोवळ्या रोपांना, पाणी देणाऱ्या तरुणाला हाक मारली, "भाऊ, पाच मिनिट आहे का?"

भाऊ आले. नाव जीवन. पाय चिखलात भरलेले, गळ्यात दुपट्टा, आणि हसणं असं की समोरच्यानं आपलं बोलणंच विसरावं. दीपमाला विसरली नाही, कारण तिचं बोलणं पाठ होतं. ती रोवणी करणारं यंत्र विकायची. उन्हात स्क्रीनवर काही दिसेना, तेव्हा त्यानं गळ्यातला दुपट्टा काढून दोघांच्या डोक्यावर धरला. त्या एवढ्याशा सावलीत स्क्रीनवरचं यंत्र धान रोवत सुटलं, आणि पाठ असलेला व्हिडिओ दीपमालाही पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघू लागली.

व्हिडिओ संपला आणि फॉर्म उघडला. ही करामत दीपमालाचीच. आधी यंत्र दाखवायचं एकीकडे आणि नावं लिहायची वहीत; मग वही भिजायची, नाहीतर हरवायची. तिनं वेबफॉर्म थेट प्रेझेंटेशनच्या शेवटच्या पानातच बसवला. गिऱ्हाइकानं तिथल्या तिथं आपल्या बोटानं नाव, मोबाइल आणि शेताचा गट नंबर भरायचा, 'पुन्हा डेमो हवा' यावर टिक करायची, की पवनीच्या ऑफिसात लगेच नोंद दिसायची.

एजन्सीचे मालक परसरामजी हाडाचे वहीवाले. त्यांनी तिला एक महिना दिला होता. फॉर्म खरे निघाले तर नोकरी पक्की, नाहीतर जुनी वही परत, आणि वहीला काही दीपमालाची गरज नव्हती. तिनंही छातीठोक सांगितलं होतं, फसवणुकीचा एक फॉर्म सापडला तर मी घरी बसते. म्हणून बंदोबस्तही चोख ठेवला होता. एका मोबाइल नंबरावर एकच फॉर्म.

जीवननं फॉर्म भरला, टिक केली. चार दिवसांनी ती यंत्र घेऊन डेमोला गेली. डेमो झाला, तो पुन्हा टिक करायला गेला, तर फॉर्मनं त्याचा नंबर नाकारला. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. दीपमाला ओठ दाबून स्क्रीनकडे बघत राहिली. मग तो घरात पळाला आणि वडिलांचा मोबाइल घेऊन आला. "बाबालेही पाहाचं आहे," तो म्हणाला.

बाबा, म्हणजे टिकारामजींनी, पुढच्या खेपेला यंत्र पाहिलं. मग आईचा नंबर लागला. वच्छलाबाईंनी यंत्राबद्दल काही विचारलं नाही. घरी कोण कोण असतं, स्वयंपाक येतो का, एवढंच विचारलं आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढ्यात ठेवल्या. मग त्याचे काका झाले, काकू झाल्या, नाकाडोंगरीहून पाहुणी आलेली मावशी झाली. शेवटी आजीनंही कमरेचा बटणांचा मोबाइल काढून दिला.

मधल्या एका खेपेला दीपमाला सवयीनं म्हणाली, "सांगा न भाऊ." जीवन म्हणाला, पवनी तालुक्यात तुम्हाला भाऊ कमी पडले का मॅडम? त्या दिवसापासून तिनं त्याला भाऊ म्हणणं सोडलं. दुसरं काय म्हणावं हे काही ठरेना, म्हणून ती त्याला कशानंच हाक मारत नव्हती.

एकदा बांदीच्या, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्याच्या, कडेला उभं राहून त्यानं विचारलं, "एक बांदी किती वेळात रोवते हे?"

"वीस मिनिटात."

"थोडं हळू नाही चालत का?"

"हळू कायले पाहिजे?"

"डेमो लवकर संपते न..."

दीपमालाला कळत नव्हतं थोडंच! आंधळ्यालाही दिसलं असतं. पण माणसं खरी आहेत, नंबर खरे आहेत, मग फसवणूक कुठं आली, असं ती मनाला समजवायची. मन काय, लगेच समजायचं.

महिना भरला. परसरामजींनी सगळे फॉर्म गट नंबराप्रमाणे लावले आणि सात नावं एकाखाली एक उभी राहिली. शेत एक, घर एक. आकडा फुगवायला हे तूच भरलंस, असं ते सरळ तोंडावर म्हणाले. पहिल्या नावाला त्यांनी फोन लावला आणि अर्ध्या तासात जीवन ऑफिसात हजर झाला, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायाला तोच चिखल.

"साहेब, मॅडमचा दोष नाही," तो म्हणाला. "मीच भरून राहिलो होतो. यंत्र तर मले पहिल्याच दिवशी समजलं... ह्या याव्या म्हणून भरले. दुसरा रस्ता सुचला नाही मले."

परसरामजींनी चष्मा काढला आणि दीपमालाकडे पाहिलं. "तुले हे माहीत नव्हतं?"

एक 'नाही' म्हटलं की नोकरी शाबूत होती. सगळा वेडेपणा त्याच्या एकट्याच्या पदरात पडला असता आणि तो तसाच आसगावला निघून गेला असता. तो मान खाली घालून उभा होता, आणि त्याला असं एकटं उभं राहिलेलं तिला बघवेना.

"माहीत होतं," ती म्हणाली. "दुसऱ्याच फॉर्मले समजलं होतं. मीच मना नाही केलं. मलेही... जायचंच होतं तिथं."

तिनं टॅबलेट टेबलावर ठेवला आणि पर्स उचलली. परसरामजी बराच वेळ स्क्रीनवरची यादी खाली-वर करत बसले. मग कुरकुरत म्हणाले, वहीत ही सात नावं सात पानांवर राहिली असती, मला जन्मात कळलं नसतं. तुझ्याच फॉर्मनं तुला पकडून दिलं. म्हणजे चीज कामाची आहे. सहा फॉर्म काटतो, बाकीचे खरे आहेत, उद्यापासून पक्की ये. "पण आसगावले आता दुसरा माणूस जाईन," एवढं मात्र त्यांनी बजावलं.

जीवन बाहेर मोटरसायकलजवळ उभा होता. दीपमाला पायऱ्या उतरून आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसतही होती.

"आता कसं भेटाचं?" त्यानं विचारलं.

"रविवारी घरी या. बाबा असतात."

"बाबा विचारतीन न, काहून आला म्हणून... काय सांगू मी?"

"जे आत्ता साहेबासमोर सांगितलं, तेच सांगजा," दीपमाला म्हणाली.