रंगल्या कीर्तनात पडणारा खटका

या श्रोतेहो, असे जवळ सरका. मागं कशाला बसता, सतरंजी पुढेही तेवढीच मऊ आहे. आज चंद्रावरच्या एका कीर्तनाची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट विज्ञानाची आहे, पण भिऊ नका. श्वास घेता येतो ना? मग समजेल.

चंद्राच्या जमिनीखाली चाळीस मीटरवर आपल्या लोकांची एक वसाहत होती. तिथल्या सभामंडपात दर गुरुवारी पाच वाजता विश्वंभरबुवा सातपुते कीर्तनाला उभे राहत. मंडपाची हवा छतातल्या पत्र्याच्या वायुनळातून येई. नळात एक वीजतापक होता: तारांच्या तीन जाळ्या आणि मागे पंखा. तापल्या तारांवरून जाताना वारा ऊब उचले आणि मंडपात उतरे. वारा कमी पडून तारा फार तापल्या, तर सुरक्षाखटका पडे आणि वीज तुटे. हा खटका आपण होऊन पुन्हा लागत नसे. माणसानं यावं, काय बिघडलंय ते पाहावं आणि मग बोटानं दाबावा, अशी त्याची रीत.

ते माणूस म्हणजे सावली खरात, वसाहतीची वीजतंत्रज्ञ. गेले दोन महिने खटका नेमका कीर्तनातच पडत होता. मंडप गारठे, बुवांना खोकल्याची उबळ येई. बुवा पंच्याहत्तरीचे, छाती नाजूक. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणखी एकदा मंडप गारठला तर कीर्तन कायमचं बंद. ज्या वसाहतीत सूर्य पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवत नाही, तिथं गुरुवारावरच लोक आठवडा काढत होते. सावली तर त्यावरच जगत होती.

त्या गुरुवारी सकाळीच ती यंत्रखोलीत शिरली. तिन्ही फेजचा करंट मोजला, सारखा भरला. तारांचा रोध तपासला, बरोबर होता. गाळणी उघडली. तिच्यावर बुक्क्याची काळी पूड होती खरी, पण वारा अडावा इतकी नव्हती.

"काय म्हणतोय तुमचा रुसलेला जावई?" दारातून डॉक्टर अन्वर मुजावरांनी विचारलं. हे वसाहतीचे वायुशास्त्रज्ञ, मूळचे मिरजेचे.

"खातोपितो नीट. कीर्तनालाच बसत नाही," सावली म्हणाली. "मुजावरसाहेब, या तारखा बघा. परवा पाहुण्या बुवांचं कीर्तन झालं, तेव्हा खटका पडला नाही."

"त्या कीर्तनात मीसुद्धा तीनदा चहाला उठलो."

"मुलांच्या नाटकातही पडला नाही. आपल्या बुवांचं आख्यान रंगलं की पडतो. आणि दर वेळी आधी पंखा मंदावलेला असतो."

"म्हणजे हीटरला रसिकता आहे म्हणायची." मुजावर हसले. "पंखा संगणकी नियंत्रकाच्या हुकमानं चालतो. त्यात लगेच हात घालायला नको, तो सगळ्या वसाहतीची हवा सांभाळतो. तो खटका तेवढा दोन तास काढून ठेवा."

"नाही हो. तो काढला तर आगीला आमंत्रण. मी स्वतः बसते. पंखा मंदावला की एकेक जाळी हातानं बंद करते. तारा फार तापणारच नाहीत, खटका पडणार नाही, ऊबही राहील."

तोड चोख होती. पाच वाजता कीर्तन सुरू झालं. मायलेकांच्या ताटातुटीचं आख्यान होतं. नळातून बुवांचा आवाज सावलीपर्यंत पोचत होता. पाऊण तासानं पंखा मंदावला, तिनं एक जाळी बंद केली. आणखी मंदावला, दुसरी बंद केली. मंडप उबदार राहिला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच आख्यान न तुटता पुढं चाललं होतं. सावलीनं डोळे पुसले आणि देवाचे आभार मानले.

मग तिच्या मनात एक साधी गोष्ट आली. मंडपात चौऱ्याऐंशी माणसं, आणि पंखा रिकाम्या खोलीसारखा का चालतोय?

तिनं दूरध्वनी लावला. "साहेब, नियंत्रकाला माणसं कशी कळतात?"

"छतात श्वासमापक आहे ना. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड वर पोचला की तो माणसं मोजतो आणि पंखा वाढवतो."

"आणि वर पोचलाच नाही तर?"

पलीकडून मुजावर हिशेब मांडू लागले. "पृथ्वीवर गरम श्वास भराभर वर चढतो. इथं गुरुत्व सहाव्या हिश्शाचं, म्हणून तो रेंगाळतो. माणसं हलली, उठली-बसली, की हवा ढवळली जाते आणि मग तो वर जातो. अगदी निश्चल बसली, तर ज्याचा श्वास त्याच्याच तोंडाभोवती राहतो. वर मापकाला खोली रिकामी दिसते, पंखा मंदावतो, तारा तापतात, खटका पडतो..." त्यांचा आवाज उतरला. "सावली, खटका पडला की लोक काय करत होते?"

"गारठायचे. शाली ओढायचे, हात चोळायचे, चुळबुळ..."

ती चुळबुळच हवा ढवळत होती. तीच पंख्याला जागं करत होती. आणि आज सावलीनं मोठ्या मायेनं कुणालाही गारठू दिलं नव्हतं.

तिनं पंखा हातानं पूर्ण वेगावर टाकला आणि मंडपाकडं धावली.

दार उघडलं तर बुवा उभे होते, हातवारे करत सांगत होते. त्यांच्या हातांनी त्यांच्यापुरती हवा हलत होती. समोर माणसं माना टाकून बसली होती. चेहरे लालसर, श्वास जड. बुवांना वाटत होतं, सभा तल्लीन झाली आहे.

फक्त कोपऱ्यातली पाच-सहा माणसं टक्क जागी होती. त्यांच्या मधोमध म्हाताऱ्या गोदाक्का शिंत्रे दुखरा गुडघा चोळत, पाय पसरत, पुन्हा पोटाशी घेत बसल्या होत्या. शेजारीण वैतागून म्हणत होती, "आक्का, स्थिर बसा की घटकाभर."

"उठवा सगळ्यांना," सावली ओरडली. "आक्का, तुमच्या बाजूच्यांना घेऊन दारं उघडा."

त्या पाच-सहा जणांनीच माणसं हलवली, काखेत हात घालून बाहेर नेली. हलक्या गुरुत्वात तेवढं जमलं. अकरा जण दवाखान्यात गेले. रात्रीच्या जेवणापर्यंत अकराच्या अकरा परत आले.

बुवा मात्र रिकाम्या मंडपात बसून राहिले. "सावलीबाई, म्हणजे गुरुवारी लोकांचे डोळे मिटायचे, ते भक्तीनं नव्हे. कोंडलेल्या हवेनं."

सावलीनं पुष्कळ विचार केला. "बुवा, ती हवा कोंडली कशानं? ते हलले नाहीत म्हणून. आणि हलले का नाहीत? ते तुमचं तुम्ही ओळखा."

म्हातारे बुवा हसले. पुढच्या गुरुवारी मापक खाली, बसत्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर आला. आणि दर वीस मिनिटांनी बुवांनी सगळ्यांना उभं करून टाळ्यांचा गजर सुरू केला. खटका तसाच राहिला, पण पुन्हा पडला नाही.

तर श्रोतेहो, एवढंच मागणं आहे. कुठंही कीर्तन ऐकत असाल आणि शेजारचं म्हातारं माणूस चुळबुळ करत असेल, तर कपाळाला आठी घालू नका. आपलं गोदाक्कांचं नाव एकदा मनात घ्या. त्या गुडघ्यानं त्या दिवशी चौऱ्याऐंशी जणांना दार उघडून दिलं होतं.