माझ्यापुढची कोरी फरशी

प्रयोगशाळेतलं माझं काम तसं सोपं. शेजारीशेजारी दोन बारीक फटी, त्यांच्यावर एकेक इलेक्ट्रॉन सोडायचा आणि पलीकडच्या पडद्यावर ठिपका कुठे उमटतो ते बघायचं. पुष्कळ ठिपके साचले की पट्टे दिसतात, एक ठिपक्यांचा, एक कोरा. कण निघतो एकटाच, पण लाटेसारखा दोन्ही फटींतून येतो. जिथे त्या दोन लाटा एकमेकींना खोडतात, तिथे तो कधीच पोचत नाही. फटीपाशी पहारा ठेवला, की मात्र मुकाट एकीतूनच येतो, आणि पट्टे पुसले जातात.

माझी लेक चिमणी रांगायला लागली म्हणून मी रजा घेतली होती. आमच्या झोपायच्या खोलीला दोन दारं, दोन्ही बैठकीत उघडणारी. दुपारी तिनं पावडरचा डबा उपडा केला आणि आतबाहेर करत राहिली. मी बैठकीत पाठमोरी बसून तिच्या झबल्यांच्या घड्या घालत होते. वळले, तर इवल्या हातांचे ठसे दोन्ही दारांतून आलेले, आणि बैठकभर त्यांचे पट्टे.

"एवढीशी पोर आणि घरभर हात," सासूबाई म्हणाल्या. "आईवर गेलीय. एका जागी बसेल तर शपथ."

मी हसले. मग दिसलं, मी बसले होते तिथली फरशी कोरी होती.

खिडकीशी बसले. टेबलाशी बसले. डोळे रोखून बघितलं की ती सरळ माझ्याकडे येई. नजर जरा हलली की आजीपाशी, स्टुलाखाली, कुठेही, माझ्यापाशी नाही. दूध साचून छाती दुखायला लागली.

"तुझ्याकडे येतच नाही गं ती," सासूबाई हळूच म्हणाल्या. "रागावलीस का तिला?"

पट्टे घालवायचे तर एक फट बंद करायची, हे मला झोपेतही येतं. चिमणी आत असताना मी एका दाराला बाहेरून कडी घातली.

चिमणी दुसऱ्या दारातून आली. थेट मांडीवर. मी तिला कडेवर घेतलं, मानेत नाक खुपसलं.

ती फार हलकी होती.

बंद दारामागून रडू आलं. तिचंच.

मला पान्हा फुटला. कडेवरची शांत होती.

एक फट बंद केली की निम्मे कण तिथेच आपटून राहतात. हे मी कशी विसरले?

"उघड ना गं, पोर रडतेय," म्हणत सासूबाई आल्या. माझ्या कडेवर बघून दोन पावलं मागे सरल्या.

माझा हात कडीवर होता. उघडलं, तर ती पुन्हा माझ्यापाशी येणार नाही.

रडणं बारीक होत गेलं. कडेवरचं ओझंही हलकं.