गाडीला पाजलंय

"पाजलं का गाडीला?"

आमाचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. हिवाळ्यातली सकाळ. चुलीवर तांब्याची मोठी किटली. उंबरठ्याशी वाफेत उभी असलेली आमा, माझी आई, आणि अंगणात जीपचं तोंड उघडून बसलेले आबा, माझे वडील. गाडीच्या पोटात गरम पाणी गेल्याशिवाय आमच्या घरात कुणाला चहा मिळायचा नाही.

सगळं गाव विचारायचं, पाणी भरलं का? आमा विचारायची, पाजलं का? गोठ्यातली गाय तशी अंगणातली जीप. पण गाडीला तिनं कधी हात लावला नाही. किटली उंबरठ्यापर्यंत आणायची, पुढचं आबांनी करायचं.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते या एका शब्दावरून झालं.

आणि झालं ते खरं आहे. तेव्हा पोटात असलेली माझी लेक आता रांगते. तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगते आहे.

गेल्या ऑक्टोबरातली संध्याकाळ. लेहपासून तीन तासांवरचं आमचं गाव. जर्दाळूची पानं गळून गेलेली. पाटाच्या काठाला सकाळी काचेसारखा बर्फ धरायला लागला होता.

माझे दिवस जानेवारीत भरणार होते. नवरा वरच्या चौकीवर, बर्फ वितळेपर्यंत खाली येणार नव्हता. मी बाळंतपणाला आबांकडे आले होते. वेळ आली की लेहला न्यायला एकच गाडी होती.

तीच जीप.

आमा गेली तेव्हाही तीच होती.

त्या काळी गाडीत साधं पाणी असायचं. रोज संध्याकाळी खालची तोटी उघडून ते काढून टाकायचं, सकाळी गरम पाणी घालायचं. एक संध्याकाळ चुकली, की रात्रीत पाणी गोठून फुगतं आणि इंजिनाचं लोखंड मडक्यासारखं तडकतं. आमच्याकडे हे पोरासोरांनाही ठाऊक.

लोसरचा, म्हणजे आमच्या नव्या वर्षाचा सण होता. आमाच्या पोटात दुखायला लागलं. पहाटे ती गडबडा लोळायला लागली तेव्हा आबा अंगणात धावले. गाडी चालू होईना. इंजिन तडकलं होतं.

माणसांनी तिला खाटेवर घालून नेलं. पुलापाशी तिचा हात खाटेवरून खाली लोंबला. तो मग कुणी उचलला तरी तिचा राहिला नव्हता.

आबा सगळ्यांना एवढंच म्हणाले, "सणाच्या गडबडीत पाणी काढायला विसरलो."

तेव्हापासून आजांग मोरुप, म्हणजे माझा मामा, आमच्या घरात पाणी प्यायलेला नाही. पाटापलीकडे त्याचं घर. अकरा हिवाळे तो तिथल्या भिंतीवरून आबांना टोचतो आहे. आणि अकरा हिवाळे मी त्याच्याशी भांडते आहे. माणूस विसरतो. विसरण्याला मी माफ केलं होतं.

पुढे आबांनी इंजिन बदललं. पाण्याऐवजी कूलंट घालायला लागले. तो हिरवा रस गोठत नाही. किटलीचं काम संपलं. ती कोठीत पालथी घातली, ती तिथेच राहिली.

त्या दिवशी आबा म्हणाले, कूलंट जुनं झालंय, थंडी पडायच्या आत बदलून टाकू. यंदा तुझ्यासाठी गाडी लागणार. हलगर्जी नको.

मी स्टिअरिंगवर बसले. आबा खाली सरपटले. तोटी उघडली. गंजलेलं, तपकिरी कूलंट घमेल्यात पडायला लागलं. त्याचा वास गोडसर असतो, कुत्री चाटतात आणि मरतात. म्हणून आमच्या कुत्र्याला दूर खांबाला बांधलं होतं. ते दुपारपासून कुंईकुंई करत होतं.

मग आत साधं पाणी भरायचं. गाडी चालू करायची, हीटर पूर्ण उघडायचा, इंजिन तापलं की बंद करून पुन्हा सगळं काढायचं. पाणी नितळ निघेपर्यंत हेच.

पलीकडे छपरावर चारा रचता रचता मोरुप म्हणाला, "नीट काढ रे नवांग. यंदा तरी विसरू नकोस. मला आता खाट उचलवत नाही."

आबांनी घमेलं सरकवलं. त्याला ते कधीच उत्तर द्यायचे नाहीत.

मीच म्हणाले, "आजांग, किती वर्षं तेच? माणूस विसरतो."

"विसरतो ना. पण लग्नाचं जेवण विसरलेला माणूस मी अजून पाहिला नाही."

आबांचा हात तोटीवर थांबला. मला वाटलं, थंडीनं.

शेवटी पाणी नितळ निघालं. आबांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. धार बारीक झाली. मग थेंब. मग थेंबही थांबला.

"गाडी पुरती रिकामी होऊ दे," आबा म्हणाले. "मग नवं घालू."

सूर्य डोंगराआड गेला. सावली अंगणात उतरली आणि माझ्या गुडघ्यांवर येऊन बसली. पाठ दुखत होती म्हणून मी गाडीतच टेकून राहिले.

आणि तेव्हा...

समोरच्या डॅशबोर्डच्या मागून आवाज आला.

गट्...

गट्... गट्...

कुणीतरी सावकाश पाणी पीत असल्यासारखा.

नळीत हवा अडकली की असं होतं, मी स्वतःला सांगितलं. पण गाडी बंद होती. आत पाण्याचा टिपूस नव्हता.

मग काच धूसर व्हायला लागली.

सगळी नाही. माझ्या बाजूची स्वच्छ होती. शेजारच्या रिकाम्या सीटसमोर मात्र वाफेचा एक गोल उमटला होता. ताटलीएवढा.

तो मोठा व्हायचा... लहान व्हायचा... पुन्हा मोठा व्हायचा.

श्वासासारखा.

मला आबांना हाक मारायची होती. तोंडातून आवाज निघेना. आणि मग मला कळलं की दुसराही कुठला आवाज येत नाहीये. कुत्रं गप्प होतं. अंगणाला लागून पाट वाहत होता, पाणी हलताना दिसत होतं...

पण ऐकू येत नव्हतं.

"यांगडोल," गाडीखालून आबांचा आवाज आला. अगदी हळू. "वरून काही ओतलंस का?"

मी कशी तरी खाली उतरले.

तोटीतून धार लागली होती. नितळ, जाड धार. आणि तिच्यातून वाफा निघत होत्या. आबांनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. घमेलं भरलं. काठावरून पाणी सांडलं, मातीत ओघळ करून उंबरठ्याच्या दिशेनं वाहायला लागलं.

उंबरठा उंचावर आहे आमचा. पाणी चढावर चाललं होतं.

आबांनी उठून वरचं झाकण उघडून पाहिलं. आत खडखडीत कोरडं.

खाली धार चालूच.

माझी नजर ओघळाच्या मागोमाग गेली. उंबरठ्यापर्यंत.

तिथे किटली होती.

कोठीत पालथी पडलेली तांब्याची किटली. त्या दिवशी आम्ही चूलही पेटवली नव्हती. तरी तिच्या नळीतून वाफ निघत होती.

आणि त्या वाफेतून...

"पाजलंय."

आमाचा आवाज. तो ओळखायला मला क्षणही लागला नाही. थोडा दमलेला होता. एक हात पोटावर दाबून बोलावं तसा.

"गाडीला पाजलंय... चला."

पलीकडे मोरुपच्या हातातला चारा खाली पडला. "आचे?" तो म्हणाला. लहानपणी थोरल्या बहिणीला मारायचा तशी हाक. म्हणजे त्यानंही ऐकलं होतं.

मला भीतीच्या आधी नवल वाटलं, अजूनही वाटतं. कारण हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकलाच नव्हता. ती नेहमी विचारायची, पाजलं का? पाजलंय, असं ती कशी म्हणेल? गाडीला तर ती हातही लावत नव्हती.

मी आबांकडे पाहिलं.

त्यांना नवल वाटलेलं नव्हतं.

हा शब्द त्यांनी आधी ऐकलेला होता.

धार थांबली तशी पाटाची खळखळ परत आली. कुत्रं रडायला लागलं. घमेल्यातलं पाणी बघता बघता निवलं, आणि अंधार पडायच्या आत त्यावर बर्फाची साय धरली. ऑक्टोबरात, भरल्या घमेल्यावर, इतक्या लवकर. मी आजवर पाहिलेलं नाही.

नवं कूलंट आबांनी दुसऱ्या दिवशी घातलं. त्या गाडीत मी नंतर बसले नाही. डिसेंबर लागायच्या आधीच लेहला आले, जाऊबाईंकडे राहिले, लेक तिथेच झाली. आबांचा फोन येतो. गाडी तयार आहे म्हणतात. मी बरं म्हणते.

किटली माझ्याजवळ आहे. रिकामी असते. तरी फार थंडीच्या एखाद्या सकाळी तिच्या पोटाला हात लावला, तर...

जाऊ दे. तिची मला भीती नाही. ती आई आहे माझी. गाडी तयार आहे का, एवढंच बघायला आली असेल.

मला धास्ती आहे ती त्या संध्याकाळी आबा जे बोलले त्याची. ते चिखलात बसले होते. विजारीतून वाफ निघत होती. माझ्याकडे न बघता, पाटापलीकडे बघून, अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी उत्तर दिलं.

"मी विसरलो नव्हतो, मोरुप. पाणी मी दुपारीच काढून टाकलं होतं."

मोरुप छपरावरून उतरून भिंतीला धरून उभा होता.

"संध्याकाळी तिनं भरलं. स्वतः. दुखत होतं तरी किटली घेऊन अंगणात गेली. परत येऊन माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, गाडीला पाजलंय, चला. घरात पाहुणे होते. माझ्या हातात छांगचा पेला होता, मी त्यांच्यासोबत प्यायला बसलो होतो."

आबांनी ओली माती मुठीत धरली.

"मी म्हणालो, सकाळी बघू."