मोतीबाईची पऱ्हाटी

दोन हजार चोवीसचा जानेवारी होता. घाटंजीजवळच्या तांड्यात उजाडता उजाडता देवसिंग चार वर्षांनी भावजयीच्या अंगणात आला, तो भांडायलाच.

"माह्या धुऱ्याले आग काहून लावली, वयनी? तूर जाळाची होती का माही?"

मोतीबाई खोकत होती. डोळे लाल, पदराला धुराचा वास. त्याच्या शेताच्या बांधावरची आग आपणच लावली, एवढंच तिनं मान हलवून कबूल केलं. ज्या दिराला सहा महिन्यांचा असताना पदरात घेतलं, नवरा गेल्यावरही पोटचा म्हणून वाढवलं, त्यानंच वाटणीत तिला विहिरीच्या पाण्याची पाळी नाकारली होती. तेव्हा ती बोलली नाही, आता काय बोलणार होती…

"चार सालाचा पाहुणा तू, चहा तरी पिऊन जा," शेजारचे नानाजी ओट्यावरून म्हणाले. देवसिंगनं वळूनही पाहिलं नाही.

आदल्या पावसाळ्यात मृगानंतर पाऊस महिनाभर गायब झाला होता. पेरणी मोडली, आणि देवसिंगची दुबार पेरलेली तूर नेमकी या कडाक्याच्या थंडीत फुलावर आली होती.

दोन दिवस ऊन पडलं आणि त्या रात्रीच्या दवाळानं, पिकावर गोठलेल्या दवानं, आपलं काम दाखवलं. शिवारभर तुरी करपल्या. देवसिंग वावरात गेला आणि थबकला. त्याची तूर पिवळ्या फुलांनी उभी होती! वाऱ्याच्या अंगाच्या धुऱ्यावर राखेचे ढीग ओळीनं लागलेले, ठिणगी पिकाला जाऊ नये म्हणून भोवती माती ओढलेली, वर ओला पाचोळा. जाळ नव्हे, पिकावरची थंडी अडवायला धूर हवा होता. पलीकडे मोतीबाईची दोन एकर तूर काळीठिक्कर.

तो तसाच तिच्या घरी धावला. अंगणातली पऱ्हाटीची गंजी, तिचं वर्षभराचं सरपण, जागेवर नव्हती. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या तिनं दमेकरी छातीनं, एकटीनं डोक्यावर वाहिल्या होत्या.

"तुह्या धुऱ्यावर काहून नाई पेटवली?" त्यानं विचारलं.

"एकाच वावराले पुरन एवढी होती. माह्या घरी खाणारी मी एकटी."

देवसिंगनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "मले शिव्या दे वयनी, पण अशी गप नको राहू…"

तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. "आधी चहा पे. नानाजी पाहून राह्यले."

मोतीबाई पुढच्या पावसाळ्यापर्यंतही जगली नाही. धूर छातीत बसला होता. नानाजी लेकाकडे उमरखेडला गेले. देवसिंग आता दोन्ही वावरं करतो. विहिरीची पहिली पाळी तिच्या वावराला देतो, आणि थंडी वाढणार असं कळलं की पहिली गंजी तिच्याच धुऱ्यावर पेटवतो. तिथली तूर त्यानंतर एकदाही काळी पडली नाही.