शुक्रवारच्या अंकातल्या चार ओळी

तंबूवर पाऊस तडतडत होता. भाज्यांच्या प्रदर्शनाचा निकाल नुकताच लागला होता. साप्ताहिकाची नवी बातमीदार जूडिथ विजेत्यांची नावं टिपून घेत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं,

"ड्रिंग. त्यातला 'र' तेवढा विसरू नका."

तिनं वळून पाहिलं. केसांतून पाणी निथळणारा एक तरुण, हातात नारळाएवढा कांदा.

"मागच्या वर्षी तुमच्या पेपरानं आमचं डिंग केलं. लोक अजून बाबांना डिंग-डाँग म्हणतात."

"मागच्या वर्षी मी नव्हते."

"तरीच... पेपर फार रुक्ष वाटायचा."

तिनं हसू दाबलं. "कांदा तुमचा?"

"बाबांचा. मी नुसता हमाल. हमालाचं नाव रॉय."

मग रॉयला दर आठवड्याला काहीतरी बातमी सापडू लागली. कुणाची गाय कालव्यात पडली, कुणाच्या कोंबडीनं दोन बलकांचं अंडं दिलं... इंग्लंडातल्या लिंकनशर परगण्यातल्या त्या लहानशा गावात एवढंही पुरायचं. गावोगावच्या सभांना तो तिला मोटरसायकलवरून न्यायचा. परतताना कालव्याकाठी दोघं एकाच कागदातले गरम बटाट्याचे काप खायची. शेवटचा काप तो नेहमी तिच्याकडे सरकवायचा.

"पोट भरलं?" ती विचारायची.

"नाही. पण तू खाताना बरी दिसतेस."

त्याचे बाबा, वॉल्टर, शाळेची बस चालवायचे. बायको गेल्यापासून ते गप्प झाले होते. जूडिथ आली की मात्र किटली चढवायचे.

ऑक्टोबरात एका मंगळवारी ती नेहमीसारखी कोर्टात बातमीदारांच्या बाकावर बसली होती. पुकारा झाला — वॉल्टर ड्रिंग. दारू पिऊन गाडी चालवली. स्वतःची गाडी, रस्ता रिकामा, कुणाला लागलं नव्हतं. परवाना गेला. जूडिथची पेन्सिल थांबली... मग चालू लागली.

बाहेर झिमझिम पावसात रॉय उभा होता.

"जूडी, ते छापू नकोस."

"रॉय..."

"चार ओळी तर असतील. नाही आल्या तर कुणाचं काय अडतंय? बसमधली पोरं त्यांना आजोबा म्हणतात गं."

"मागच्या महिन्यात मिसेस स्नीथ आल्या होत्या. मुलाचं नाव गाळा म्हणून माझ्यापुढे रडल्या. मी नाही म्हणाले. आता त्यांना काय सांगू? माझं प्रेम नव्हतं तुमच्या मुलावर, म्हणून छापलं?"

"म्हणजे प्रेम आहे," तो हळूच म्हणाला. "हे असं कळायचं होतं."

तिनं बातमी लिहिली. चारच ओळी, आतल्या पानावर. शुक्रवारी त्या छापून आल्या.

रविवारी ती त्यांच्या घरी गेली. दार वॉल्टरनी उघडलं.

"आत ये, पोरी. केलं मी, लिहिलंस तू. यात रुसायचं काय?" ते म्हणाले आणि किटली चढवायला गेले. पण त्यांचे डोळे सुजलेले होते.

रॉय परसात मोटरसायकलला सामान बांधत होता. ग्रिम्सबी बंदराच्या गोदीत काम मिळालं होतं त्याला.

"बाबांनी तर माफ केलं मला," ती म्हणाली.

"ते मोठे आहेत. मला नाही जमत. तू बरोबरच केलंस, जूडी, कळतं मला. पण तुझ्याकडे पाहिलं की कोर्टात मान खाली घालून उभे असलेले बाबा दिसतात."

त्यानं दोरी आवळली, सोडली, पुन्हा आवळली.

"नाताळात तुला एक विचारणार होतो..."

"विचार ना."

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"विचारलं असतंस तर हो म्हणाले असते," ती म्हणाली.

"माहीत आहे." त्यानं तिच्या गालावरची ओली बट मागे सारली. हात क्षणभर तिथंच राहिला. "म्हणून तर विचारत नाही."

मोटरसायकल कालव्याच्या रस्त्याला लागली. आवाज विरेपर्यंत ती परसात उभी होती. मग आतून वॉल्टरची हाक आली, चहा गार होतोय म्हणून, आणि डोळे पुसून ती आत गेली.